बरणीत राहिलेली दहावी गाठ

हाओ छ्यूलियन काय काम करते हे कळलं की लोक आधी नाक मुरडत आणि मग हळूच खुर्ची जवळ ओढत. तालुक्याच्या इस्पितळात तळमजल्यावर, शवागाराला लागून असलेल्या खोलीत तिने सत्तावीस वर्षं काढली. वरच्या मजल्यावर सर्जन माणसाच्या अन्ननळीचा आणि जठराचा जोड कापून काढत. तो तुकडा भोवतालच्या चरबीसकट फॉर्मॅलिनच्या बरणीतून खाली तिच्याकडे येई. त्या चरबीतून गाठी वेचायच्या, हे तिचं काम. एखादी गाठ घेवड्याच्या दाण्याएवढी, एखादी राळ्याच्या कणाएवढी. वेचलेल्या गाठी मेणात बसवायच्या, त्यांचे पापुद्रे काचेवर घ्यायचे आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचे.

एवढी उठाठेव कशासाठी? जठराच्या तोंडाशी झालेला कॅन्सर तिथून निघाला की पहिला मुक्काम या गाठींत करतो. सगळ्या गाठी स्वच्छ निघाल्या, तर त्या इस्पितळातल्या अनुभवाप्रमाणे निम्म्याहून जास्त माणसं पाच वर्षांनंतरही जेवायला बसत. तीन-चार गाठींत रोग सापडला तर चौघांतला एखादा. पण यात एक मेख होती. जी गाठ वेचलीच नाही, ती कागदावर कुठेच नसते. कमी वेचल्या की माणूस कागदावर बरा आणि घरी जाऊन मरतो. म्हणून छ्यूलियन नव्या माणसांना पहिल्याच दिवशी दम द्यायची, "पंधराच्या आत उठलात तर घरी जा. परत येऊ नका."

थायहाङ डोंगराच्या पायथ्याच्या त्या मुलखात हा रोग घरोघर होता. त्याला 'घास अडणं' म्हणत. म्हणही होती: घास अडला, तो गहू खाईल पण शरदातलं धान्य खाणार नाही; म्हणजे उन्हाळ्यात गहू निघेपर्यंत टिकेल, शरदात राळे निघेपर्यंत नाही. छ्यूलियनच्या बापाचा घास अडला त्या वर्षी त्याने गहूसुद्धा धड खाल्ला नव्हता. ती तेव्हा चौदा वर्षांची. तिचा भाऊ लायस्वो तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, पाथरवट. पंधराव्या वर्षापासून तो डोंगर फोडून कालवा काढायच्या कामावर होता. बाप गेल्यावर चुलते म्हणाले, पोरीला शाळेतून काढा. लायस्वो छिन्नीला धार लावत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "आपल्या घरात कागद वाचता येणारं एक तरी माणूस पाहिजे. ती शिकेल." विषय संपला. त्याच्या मजुरीवर ती शिकली आणि आन्याङच्या वैद्यकीय शाळेत दोन वर्षं काढून इस्पितळात लागली.

बोटांचं कसब मात्र शाळेतलं नव्हे, आईकडचं. आईला दिसायचं कमी. ती राळे निवडायची ती बोटांनी. दाणे पसरायचे, बोटांची टोकं हलकी फिरवायची, खडा लागला की थांबायचं. छ्यूलियनचंही तसंच. चरबीवर बोट फिरवताना ती खिडकीबाहेर बघत असे.

आणखी एक काम तिच्याकडे होतं, त्याबद्दल ती फारशी बोलत नसे. त्या भागात रोग्याला रोग सांगत नाहीत. अहवाल मुलाच्या हातात द्यायचा, बापाच्या हातात दुसरा कागद: 'जठरात जखम. काढली. काळजीचं कारण नाही.' खरा अहवाल डॉक्टर लिहीत, दुसरा छ्यूलियन टाइप करी. शेकड्यांनी केले असतील. तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. जो तो आपापल्या घरी असंच करत होता.

२००८ साली मे महिन्यात लायस्वोचा घास अडला.

तो आधीपासूनच अडत असणार. एकसष्टीचा विधुर, वाफेवरचा पाव पेजेत बुडवून अंगणात एकटाच जेवायचा, कुणी बघू नये म्हणून. मुलगा युङकाङ बांधकामाच्या ठेक्यांवर बाहेरगावी असे. तो सणाला आला, बापाला घोटाघोटाला छाती चोळताना पाहिलं आणि उचलून सरळ आत्याच्या इस्पितळात आणलं. घशातून नळी घालून बघितलं. मग रीतीप्रमाणे सगळं झालं: युङकाङला बाहेर बोलावून खरं सांगितलं, आणि लायस्वोला 'अल्सर आहे, काढावा लागेल'.

"अल्सर म्हणजे जखमच ना?" लायस्वो बहिणीला म्हणाला.

"जखमच."

"मग एवढं तोंड का पाडलंयस? माझ्या अंगावर सुतकी चेहरा घेऊन येऊ नकोस, लियन. पन्नास वर्षं दगड फोडतोय, एका जखमेने काय होतंय!"

सर्जन नियू डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. दुपारी बरणी खाली आली. चिठ्ठीवर नुसतं 'हाओ' आणि नंबर. त्या तालुक्यात दर चौथा माणूस हाओ आडनावाचा, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. घरच्या माणसाचा नमुना घरच्याने हाताळायचा नाही, असा त्या खोलीचा नियम होता आणि तो छ्यूलियननेच भिंतीवर लावला होता. पण दुसरी मदतनीस पाच-सहा गाठींवर उठणारी. दादाची चरबी तिच्या हाती द्यायची? छ्यूलियनने बरणी आपल्या टेबलावर ओढली.

तुकडा रात्रभर मुरू दिला आणि सकाळी ती बसली. त्या दिवशी ती खिडकीबाहेर बघत नव्हती. एक, दोन, पाच, नऊ. नऊच्या नऊ मऊ, गुलाबीसर, घेवड्यासारख्या. स्वच्छ असणार, हे तिला न कापताही कळत होतं. मग तिचं बोट जठराच्या आतल्या वळणावरून वर सरकलं, मोठी रक्तवाहिनी शिरते त्या जागी. तिथे बोटाला खडा लागला. राळ्यात लागतो तसा. बारीक, टणक, जागचा न हलणारा.

आणि तिने बोट उचललं.

शिवणीच्या दोऱ्याची गाठ असेल, ती मनाशी म्हणाली. वाहिनीचं टोक असेल. तिने उरलेली चरबी बरणीत परत टाकली, झाकण लावलं, चिठ्ठीवर लिहिलं: 'नऊ'. मग ती उठली. तिने हात धुतले आणि इतर दिवसांसारखी जेवायलाही गेली.

सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्या युआन डॉक्टर तिच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, तोंडाने फटकळ. त्यांनी चिठ्ठी बघितली.

"नऊच? हाओ बाई, तुमच्या हातून नऊ?"

"चरबीच कमी होती. सुकलेला माणूस आहे."

"असेल," युआन डॉक्टर म्हणाल्या. सत्तावीस वर्षांच्या हातावर कोण शंका घेणार? नवाच्या नऊ गाठी स्वच्छ निघाल्या. नियू डॉक्टरांनी युङकाङला सांगितलं, गाठींत काही नाही, जखम भरली की घरी न्या, सलाईनमधून द्यायच्या जहाल औषधांची गरज नाही.

युङकाङ धावतच तळमजल्यावर आला. हातात पीचची पिशवी. चाळिशीला टेकलेला दांडगा माणूस, रडत होता. "आत्या! वाचले आपले बाबा! आजोबांसारखं नाही झालं! तू इथे आहेस म्हणून बरं, नाहीतर असल्या ठिकाणी कुणावर भरवसा ठेवायचा?"

आत्याने पीच घेतले आणि खोलीत वाटून टाकले. एकही तोंडात घातला नाही.

बरणी चौदा दिवस ठेवतात. मग चरबी जाळायला जाते. छ्यूलियनने हे चौदा दिवस कधी मोजले नव्हते, आता मोजायला लागली. सकाळी आली की आधी फळीकडे नजर. बरणी आहे. रोज वर जाऊन भावाला भेटायचं, तो रोज थोडा बरा. आधी पाणी, मग भाताची पेज, मग राळ्याची. आणि छ्यूलियनच्या मनात रोज दोन बायका कचाकचा भांडायच्या. एक म्हणायची, त्याला सुखाने जाऊ दे ना घरी. ती औषधं म्हणजे उलट्या, केस गळणं, आणि एवढं करून वाचतातच असं कुठे आहे. दुसरी म्हणायची, तू कोण गं ठरवणारी? पहिलीचं सगळं म्हणणं खरं होतं, हीच तर पंचाईत. पण बोट उचललं तेव्हा छ्यूलियनने यातला कुठलाच विचार केला नव्हता. ती घाबरली होती, बस्स. आणि ज्या शेकडो लोकांची चरबी तिने निमूट चाळली, त्यांच्या बहिणी काय कमी घाबरल्या असतील?

बाराव्या दिवशी लायस्वो पलंगावर मांडी घालून बसलेला दिसला.

"उद्या सोडणार. गहू पिकलाय, युङकाङला एकट्याला जमायचं नाही. आज बघ, वाटीभर पेज प्यायलो, वर लोणचं मागितलं तर ती नर्स अशी ओरडली, जसं काही तिच्या बापाचं लोणचं आहे." तो हसला आणि टाके दुखले म्हणून पोट धरलं. "पुढच्या वर्षी तुझ्या अंगणात फरशी बसवून देतो. किती वर्षं चिखल तुडवतेस!"

"पुढच्या वर्षी?"

"या वर्षी जमायचं नाही. जखम आहे ना."

छ्यूलियन खाली आली आणि बरणी फळीवरून उतरवली. चरबीच्या पातळ चकत्या केल्या आणि स्पिरिटमध्ये बुडवून ठेवल्या. स्पिरिटमध्ये चरबी पिवळी, काचेसारखी होत जाते आणि गाठी आत पांढऱ्या दिसायला लागतात. मग लपायला जागा राहत नाही, गाठीलाही आणि माणसालाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आठ गाठी वेचल्या. त्या खड्याच्या जागी एक नव्हे, एकीला एक चिकटलेल्या तीन होत्या. मग ती युआन डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"तो हाओ माझा भाऊ आहे. नऊ नव्हे, सतरा आहेत. दहावी माझ्या बोटाला लागली होती. मी सोडली."

युआन डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "वेड लागलंय का तुम्हाला? ज्या बाईने मला शिकवलं..." त्यांनी फोन जवळ ओढला. "त्याला आज सोडतायत. आधी वर फोन करते, मग तुमच्याकडे बघते."

तीन दिवसांनी काचा आल्या. चिकटलेल्या तिन्ही गाठींत रोग होता. सतरांपैकी तीन.

छ्यूलियनला वरून लेखी समज मिळाली आणि त्या वर्षीची वेतनवाढ गेली. त्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते युङकाङचं. तो जिन्याखाली तिला गाठून उभा राहिला.

"म्हणजे तू आधी खोटं सांगितलंस?"

"हो."

"मग खोटंच राहू द्यायचं होतंस! आम्ही घरी जायला निघालो होतो, सामान बांधलं होतं! तुला कुणी सांगितलं होतं ती बरणी उघडायला?"

"कुणी नाही."

"आता मी काय सांगू त्यांना? जखमेला सहा महिने सलाईन?"

"खरं सांग."

"हे तू बोलतेस? अख्ख्या गावाला खोटे कागद टाइप करून देतेस तू! चेङ आजोबांना दिलास, माझ्या सासऱ्यांना दिलास! आणि माझ्या बापाच्या वेळेलाच तुला सत्याचा पुळका आला?" त्याने आवाज खाली आणला. "हे बघ आत्या. ताकदीचं औषध म्हणून सांगू. तू कागद करून दे. जखम मोठी होती, ताकद भरून यायला सलाईन. करशील ना?"

छ्यूलियनने कागद केला. हे लपवण्यात अर्थ नाही. तिने केला, शिक्काही मारला. आपण एकदा चुकलो की दुसऱ्याच्या चुकीला नाही म्हणायचं बळ उरत नाही, तशातली गत. कागद घेऊन ती स्वतःच वर गेली. युङकाङ दाराशी उभा होता.

लायस्वोने कागद हातात घेतला. त्याला आठ-दहा अक्षरं यायची, त्यातली बहुतेक दगडावर कोरायची. कागद त्याने उलटा-सुलटा करून मांडीवर ठेवला.

"लियन, दर सणाला तू आमच्याकडे येतेस. जेवताना आमची जेवणं नासवून तुझ्या बरण्यांच्या गोष्टी सांगतेस. अमक्याच्या वीस काढल्या, तमक्याच्या तीस. सांगतेस की नाही?"

"सांगते."

"अल्सरवाल्याच्या गाठी काढल्याचं एकदाही सांगितलं नाहीस."

दाराशी युङकाङ म्हणाला, "बाबा, तसं काही..."

"तू गप. तुला विचारलं नाही." मग बहिणीकडे बघून, "माझी चरबी चाळलीस?"

"चाळली."

"होती का काही? जन्मभर पेज पिऊन चरबी आली कुठून?" तो हसला; ती हसली नाही. "किती निघाल्या?"

छ्यूलियनने दाराकडे बघितलं नाही. "सतरा."

"आणि त्यातल्या?"

"तीन."

लायस्वोने मोजावीत तशी तीन बोटं मिटली आणि सोडली. "बाबांच्या किती असतील?"

"त्यांच्या कुणी काढल्याच नाहीत, दादा."

"हं." बाहेर नर्स कुणावर तरी करवादत होती, तिचं ओरडणं संपेपर्यंत तो थांबला. "तीन म्हणजे किती दिवस?"

"दिवस नाही सांगता येत. चौघांतला एखादा पाच वर्षं काढतो. औषध घेतलं तर थोडं बरं, असं डॉक्टर म्हणतात. औषध वाईट आहे."

"मग हे आधी सांगायचं. त्या जखमेच्या भरवशावर मी तुझ्या अंगणाची फरशी पुढच्या वर्षावर ढकलली." त्याने कागदाची घडी केली आणि युङकाङकडे फेकली. "घे. चूल पेटवायला होईल."

त्याने औषधाच्या चार फेऱ्या घेतल्या. पाचवीला नाही म्हणाला, उलट्यांनी आतडी बाहेर येतायत, पुरे. छ्यूलियनने समजावलं, भांडली, शेवटी रडली. तो ढिम्म हलला नाही. पण ऑक्टोबरात तिच्या अंगणात फरशी बसली. एका दगडाला तो अर्धा दिवस लावायचा, मध्येच बसायचा, हाताखालच्या माणसांना शिव्या द्यायचा. त्या शरदात त्याने नवे राळे खाल्ले. पुढच्याही शरदात खाल्ले. त्या दोन वर्षांत त्याने स्वतःच्या थडग्याचा दगडसुद्धा स्वतःच निवडला, घासला, त्यावर स्वतःचं नाव कोरलं. जन्माचं साल घातलं, मृत्यूची जागा कोरी ठेवली. त्या भागात म्हातारे कफनाचे कपडे आधी शिवून ठेवतात, त्यात नवल नाही. पण आपल्याला किती वेळ आहे हे माहीत असलेला म्हातारा गावाने पहिल्यांदाच बघितला. लोक येऊन दगड बघून जात. कुणी तोंडावर म्हणे, "लायस्वो, अक्षर वाकडं आलंय," की तो म्हणे, "तुझं सरळ काढून देईन, आधी तुझा आकडा विचारून ये."

युङकाङ मात्र आत्याशी बोलायचा बंद झाला. सणाला ती आली की तो शेतावर जाई.

लायस्वो गेला दोन वर्षं आणि चार महिन्यांनी, सप्टेंबरात. राळे शेतात उभे होते, कापणीला आठवडा होता. तिसरा शरद हुकला. रोग यकृतात गेला होता. औषधाने त्याला किती दिवस दिले, बरणी न उघडता वाया घालवलेल्या दिवसांनी किती नेले, की कशानेच काही फरक पडला नाही, हे कुणी सांगू शकत नाही. युआन डॉक्टरांना छ्यूलियनने विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "हाओ बाई, हा प्रश्न मला विचारू नका. शेकड्याचं उत्तर माझ्याकडे असतं, एकाचं नसतं." पहिल्याच दिवशी तिने बोट उचललं नसतं तर? ते तर ती कुणाला विचारूही शकत नव्हती.

मातीनंतर लोक पांगले. दगडावर कोऱ्या जागी सालाची अक्षरं ताजी पांढरी दिसत होती. युङकाङने स्वतः कोरली होती, आणि बापाच्या अक्षरांपेक्षा सरळ आली होती. छ्यूलियन उठून निघाली तेव्हा तो तिच्यामागून आला. बांधावरून बराच वेळ दोघं पुढेमागे चालत राहिली.

"आत्या."

ती थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदा हाक आली होती.

"चाळिशीच्या वरच्यांना नळी घालून बघतायत. गावोगाव याद्या लागल्यात. माझं नाव आहे. दोनदा बोलावणं आलं, गेलो नाही."

"मग?"

"आजोबा गेले, बाबा गेले." तो बांधावरच्या राळ्याचं कणीस चुरगाळत होता. "काही निघालं, ऑपरेशन झालं, तर बरणी तुझ्याकडेच येईल ना?"

"माझ्याकडे यायची नाही. घरच्या माणसाने हात लावायचा नाही, नियम आहे."

"हे तू मला सांगतेस?"

तो टोमणा तिने खाल्ला. खायलाच हवा होता.

"दुसरीला सांग, पंधराच्या आत उठू नकोस म्हणावं," युङकाङ म्हणाला. "आणि कागद माझ्या हातात द्यायचा. बायकोच्या नाही, पोराच्या नाही. माझ्या."

"सोमवारी ये," ती म्हणाली. "सकाळी सातला. काही खाऊन येऊ नकोस, पाणीसुद्धा नको."

"घाबरायला होतं गं."

"होतं," छ्यूलियन म्हणाली. "तरी ये."